मेसेजवर क्वालिटीचा शिक्का

सकाळी अकरा वाजता दौलतरावांनी स्वतःच्या हाताने शेडमधला एक्झॉस्ट फॅन बंद केला, कारण तो बाहेरचं ऊन आत ओढतो असं त्यांना मोबाइलवरून कळलं होतं. बटण दाबून ते तडक आपल्या केबिनमध्ये गेले आणि एसी लावून बसले. एसीबद्दल मेसेजमध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं.

भोसरीतलं ते वर्कशॉप म्हणजे विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. आत बावीस माणसं, नऊ मशिनं आणि कोपऱ्यात हार्डनिंगची, म्हणजे लोखंड कडक करायची, भट्टी. भट्टीवर मारुतराव. लोखंडाचा जॉब भट्टीत तापवायचा, त्याचा रंग बरोबर आला की बाहेर काढून तेलाच्या टाकीत बुडवायचा, हे काम ते तेवीस वर्षं करत होते. एप्रिल लागल्यापासून वर पत्रा तापलेला आणि समोर भट्टी, अशा दोहोंच्या मध्ये ते उभे असत. गेल्या मंगळवारी दुपारी दोन वाजता त्यांना चक्कर आली आणि ते टाकीपासून हातभर अलीकडे पडले. हातभर पलीकडे पडले असते तर तापलेल्या तेलाने काय केलं असतं, ते कुणी बोलून दाखवलं नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, दुपारचं भट्टीपुढे उभं राहू नका. मारुतरावांनी मान डोलावली, लिंबूपाणी घेतलं आणि तासाभराने ते परत भट्टीपुढे उभे राहिले. दुसरं उभं राहणारं तिथे कुणी नव्हतंच.

त्या दिवसापासून क्वालिटी विभाग दौलतरावांच्या मागे हात धुऊन लागला होता. क्वालिटी विभाग म्हणजे वर्षाली, एकटी. परभणीहून डिप्लोमा करून आलेली, मापाची पक्की आणि तोंडाची त्याहून पक्की. तिच्या मागण्या दोनच होत्या. दोन महिने शिफ्ट सकाळी सहा ते दुपारी दोन करा आणि पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, म्हणजे ऊन परत फिरेल. चार दिवस डोकं खाल्ल्यावर दौलतराव कबूल झाले होते. रंगवाला येऊन पत्र्यावर चढून मापसुद्धा घेऊन गेला होता. आणि मग तो मेसेज आला.

"शेठ, फॅन कामून बंद केला?" वर्षाली केबिनच्या दारातूनच म्हणाली. ती रागावली की तिच्या बोलण्यातून परभणी बाहेर येत असे.

"बसा म्याडम. आदी हे वाचा." दौलतरावांनी मोबाइल पुढे केला.

वर्षालीने वाचलं. 'सावधान! तापमानवाढ ही एसी आणि सोलर कंपन्यांनी उठवलेली अफवा आहे. परदेशातून येणारे तापमापक मुद्दाम चार अंश पुढे लावलेले असतात. पंखे व कूलर बाहेरचे ऊन आत ओढतात, ते बंद ठेवा. आपले पूर्वज पत्र्याखालीच राहत, त्यांना कधी त्रास झाला नाही. घाम येणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. एका थोर शास्त्रज्ञाने हे सिद्ध केल्यामुळे त्याला नोकरीवरून काढण्यात आले. वीस जणांना पाठवा.'

"कोणता शास्त्रज्ञ?"

"थोर हाय म्हनलंय न्हवं त्यात."

"पूर्वज पत्र्याखाली राहत होते? शेठ, तुमचं गावातलं जुनं घर कशाचं होतं?"

"मातीचं. वर कौलं."

"मग?"

"मग काय? आमचं घर म्हंजे समद्यांचं घर व्हय?"

वर्षालीने पर्समधून काल विकत आणलेला तापमापक काढला आणि दौलतरावांना हाताला धरायचं तेवढं बाकी ठेवून शेडमध्ये नेलं. खांबाला तापमापक टांगून दोघं पाच मिनिटं उभी राहिली. आकडा चव्वेचाळीसवर जाऊन थांबला.

"बघा. चव्वेचाळीस."

दौलतरावांनी तापमापक उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचलं. "परदेशी हाय. चार अंश वजा करा. चाळीस."

"शेठ!"

"चाळीस म्हंजे काय जास्त न्हाई. आमी ल्हान असताना चाळिसात विटीदांडू खेळायचो." दौलतराव घाम पुसत केबिनकडे वळले. "रंगवाल्याला मी नगं म्हनून कळवलंय. ऊनच वाढलं न्हाई तर रंग कशाला? शिफ्टबी हाय तीच ऱ्हाऊ द्या."

वर्षालीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लोखंडाचा एक तुकडा गेटातून आत यायचा तर त्याला कागद लागतो, कुठून आला, कुणी बनवला, कुणी तपासला. माप केसभर चुकलं तर अख्खा टेम्पो परत जातो. आणि हा मेसेज, ज्याला आई ना बाप, थेट केबिनमध्ये शिरतो, खुर्चीवर बसतो आणि फॅन बंद करून घेतो! तिच्या डोक्यात त्याच क्षणी आलं की मेसेजलाही आलेल्या मालासारखंच वागवायचं.

वर्कशॉपची पद्धत तिनेच बसवलेली होती. आलेला माल तपासला की त्याच्या कागदावर गोल शिक्का मारायचा: 'तपासले', खाली तारीख, सही, कंपनीचं नाव. शिक्का सगळ्यांना एकच. निकाल मात्र वेगळ्या पुठ्ठ्यावर लिहून दोऱ्याने अडकवायचा. माल पास तर हिरवा पुठ्ठा, नापास तर लाल. तिने मेसेज छापून घेतला, शिक्का मारला, सही केली. मग लाल पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात सात कारणं लिहिली. शेडमध्ये मोजलेलं तापमान चव्वेचाळीस. हवामान खातं आपले तापमापक परदेशी पाकिटातून काढून तसेच टांगत नाही, तपासून घेतं. पूर्वी एखादं वर्ष गरम गेलं म्हणून आताची वाढ खोटी होत नाही, कित्येक वर्षांची सरासरी बघायची असते आणि ती चढते आहे. एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर टाकतो, नावातच आहे. असं सातव्या कारणापर्यंत, आणि सातवं कारण होतं: पाठवणाऱ्याचं नाव नाही. पुठ्ठा दोऱ्याने कागदावर लटकवून तिने तो चहाच्या टेबलाशेजारच्या फलकावर लावला आणि समाधानाने हात झटकले.

दुपारच्या चहाला मशिनवरचा समाधान तिथे आला. समाधान हा अतिशय चांगला मुलगा होता, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मॅडमनी एवढी मेहनत घेतली, ती सगळ्यांना दिसावी म्हणून त्याने फोटो काढायचं ठरवलं. पण लाल पुठ्ठा बरोबर मजकुरावर लोंबत होता आणि अक्षरं झाकली जात होती. समाधानने पुठ्ठा एका बोटाने अलगद बाजूला धरला आणि स्वच्छ फोटो काढला. संपूर्ण मेसेज, खाली गोल शिक्का, 'तपासले', वर्षालीची सही. फोटोखाली त्याने लिहिलं, 'आमच्या क्वालिटी मॅडमनी मेसेज चेक केला', आणि तीन ग्रुपवर टाकून दिला.

चार वाजता पहिला फोन आला.

"क्वालिटी मॅडम का? इकडं शेजारच्या ब्लॉकमधनं रंगराव बोलतोय. आपला शिक्का बघितला. आमचे चार फॅन आहेत, चारही उतरवायचे का दोन ठेवले तर चालतील?"

"अहो, उतरवू नका! तो मेसेज खोटा आहे!"

"मग शिक्का का मारला?"

"तो खोटा आहे हे तपासलं म्हणून!"

"मॅडम, खोट्या गोष्टीवर कुणी शिक्का मारतं का? तुमच्यावर प्रेशर आलंय का कुणाचं? एसीवाल्यांचं?"

तिने फोन ठेवला तर दुसरा तयार. चाकणहून कुणी एक सुपरवायझर. त्याच्याकडे असेच आणखी तीन मेसेज होते, झाडांमुळे उकाडा वाढतो वगैरे, आणि ते पाठवतो, तेवढा शिक्का मारून द्या म्हणजे कामगारांना दाखवता येईल, अशी त्याची विनंती होती. शिक्का मारायला किती दिवस लागतात, हेही त्याने विचारलं.

वर्षालीने लगेच समाधानला तिन्ही ग्रुपवर खुलासा टाकायला लावला. खुलासा तिने जीव तोडून लिहिला होता, अकरा परिच्छेद, कारणांसकट. त्यावर दोन नमस्कार आले, एक फुलांचा गुच्छ आला आणि एकाने विचारलं, 'थोडक्यात काय, शिक्का खरा आहे ना?' शिक्का खराच होता. नाही कसं म्हणणार?

तेवढ्यात परभणीहून आईचा फोन.

"काय गं, तुझा शिक्का आलाय इथं आमच्या गल्लीच्या ग्रुपवर. तुझ्या पप्पांनी कूलर बंद करून ठेवलाय."

"काय करायलेत ते?" वर्षाली किंचाळली. परभणीत त्या दिवशी भोसरीपेक्षा जास्तच ऊन होतं. "आई, आधी कूलर लाव!"

"मी लावला की ते बंद करायलेत. म्हणतात, लेकीनं स्वतः तपासलंय. घामानं भिजलेत नुसते, पण छाती फुगवून बसलेत."

"त्यांना फोन दे. पप्पा, ते खोटं आहे. मी सांगतेय ना!"

"बाळा, तू बोलायलीस ते तोंडी आहे," पप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले. तीस वर्षं त्यांनी तहसील कचेरीत काढली होती. "शिक्का लेखी आहे."

वर्षालीने कोरा कागद ओढला, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आधीचा मेसेज खोटा आहे, कूलर चालू ठेवावा', खाली शिक्का मारला, सही केली आणि फोटो पाठवला. पाच मिनिटांत कूलर सुरू झाल्याचं कळलं. मग तिने तोच कागद समाधानच्या ग्रुपवरही टाकला. पण त्यात सावधान नव्हतं, थोर शास्त्रज्ञ नव्हता, वीस जणांना पाठवायची ताकीद नव्हती. तो कागद परभणीच्या एका घरात पोचला आणि तिथेच थांबला. खोटा मात्र संध्याकाळपर्यंत तळेगावापर्यंत जाऊन आला. असल्या जगात माणसाने माप तरी कशासाठी घ्यायचं, असं तिला फार मनापासून वाटलं.

सगळ्यात खूश होते दौलतराव. "म्याडम, तुमीच तपासून दिलं की! आता तर प्रश्नच न्हाई. बारा जनांचे फोन आले मला. कंपनीचं नाव झालं." त्यांनी फलकावरचा कागद काढून केबिनमध्ये खुर्चीमागे लावला. लाल पुठ्ठा शोभेला आडवा येत होता, तो त्यांनी मागे वळवून ठेवला. भट्टीपुढे मारुतराव ओला टॉवेल डोक्यावर घेऊन उभे होते. वर्षाली जवळून गेली तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमी तपासलंय म्हनं, घाम चांगला असतो." त्यात टोमणा नव्हता, त्यांनी खरोखरच विचारलं होतं. वर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, न कळवता, धनेश आला. धनेश हा चाकणच्या मोठ्या कंपनीचा माणूस. वर्कशॉपचा सगळा माल त्या कंपनीला जात असे आणि माल कसा बनतो ते बघायला धनेश येत असे. तो एरवीही हसत नसे. त्या दिवशी त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. मोबाइलवर समाधानने काढलेला फोटो उघडून त्याने टेबलावर ठेवला.

"हा शिक्का तुमचा?"

"आमचाच," दौलतराव अभिमानाने म्हणाले.

"याच शिक्क्याने आमचे पार्ट तपासून येतात. त्याच शिक्क्याने तुम्ही हे पास केलंत? कशाने मोजलं? रेकॉर्ड कुठे आहे?" धनेशने वही उघडली. "हे समाधानकारक सांगता आलं नाही तर मला आजपासून माल थांबवावा लागेल."

दौलतरावांचा अभिमान जागच्या जागी विरघळला. "म्याडमनी केलंय ते," ते ताबडतोब म्हणाले.

नोकरी गेली तर खोलीचं भाडं, परभणी, सगळं वर्षालीच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण त्या भीतीपेक्षा राग मोठा होता. ती खुर्चीमागे गेली, कागद काढला आणि दडवलेला लाल पुठ्ठा पुढे वळवला. "पास नाही केलं, साहेब. नापास केलंय. सात कारणं आहेत. वाचा."

धनेशने सातही कारणं वाचली. एकाही कारणावर त्याची भुवई हलली नाही. "तापमानवाढीचं खरं-खोटं माझ्याकडे येत नाही," तो म्हणाला. "पण नापास माल भिंतीवर कसा? नापास माल लाल पेटीत, कुलूप लावून."

तेव्हा पुठ्ठा धनेशच्या हातातच राहिला आणि मेसेज वाकड्या बोल्टांसोबत लाल पेटीत जाऊन त्याला कुलूप लागलं. एवढ्यावर निभावलं असं दौलतरावांना वाटतंय तोच धनेशचं बोट पुठ्ठ्यावरच्या पहिल्या कारणावर थांबलं.

"शेडमध्ये चव्वेचाळीस अंश? आणि तुम्ही मापं तिथेच घेता?"

"तिथंच," वर्षाली म्हणाली.

"मॅडम, लोखंड तापलं की फुगतं. मोजणारा मायक्रोमीटरही फुगतो. चव्वेचाळीस अंशांत घेतलेलं माप मी कसं धरू?"

"साहेब, तेवढं न्हाई वो," दौलतराव घाईने म्हणाले. "तापमापक परदेशी हाय तो. चार अंश पुढं..."

धनेशने बॅगेतून स्वतःचा तापमापक काढला, शेडमध्ये नेऊन धरला. दुपार व्हायला अजून वेळ होता, तरी आकडा बेचाळीस. दौलतरावांनी तापमापकाच्या मागचं अक्षर बघण्यासाठी मान वाकडी केली.

"आमच्या कंपनीचा आहे," धनेश म्हणाला.

"मग बराबर असंल," दौलतराव म्हणाले.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी वर्षालीने पाच दिवस घसा फोडला, ती एका वाक्यात खरी झाली होती, आणि तीही वाक्य बोलणाऱ्याच्या हातात पुढची ऑर्डर होती म्हणून. दौलतरावांची गाडी आता कुणाला ऐकेना. "मोजायची समदी हत्यारं माझ्या केबिनमधी ठिवा," ते म्हणाले. "एसी हाय. मी भाईर बसतो. मायक्रोमीटरला काय बी त्रास नगं." समाधानने मायक्रोमीटर, गेज, कॅलिपर मऊ फडक्यांत गुंडाळून एकेक आत नेले आणि टेबलावर निजवले. दौलतरावांनी स्वतः एसीचा झोत नीट वळवून दिला.

वर्षालीचा तोल तिथे सुटला. "मायक्रोमीटरला चक्कर आली नव्हती, साहेब! मारुतरावकाकांना आली होती. टाकीत पडता पडता वाचलेत ते. त्यांच्यासाठी फॅन चालू करा म्हणलं तर उन्हाळाच खोटा ठरवायलेत, आणि या लोखंडाला फडक्यात गुंडाळायलेत! लाज वाटाया पाहिजे सगळ्यांना!"

शेडमधली मशिनं बंद पडली नव्हती, पण माणसं थांबली. धनेशने वहीतून डोकं वर काढलं. त्याचा चेहरा पहिल्यांदाच थोडा ओशाळलेला दिसला. "मॅडम, तुमचं म्हणणं कळतंय. पण माणसांचं तापमान माझ्या कागदात येत नाही. माझ्या कागदात फक्त मोजायची साधनं येतात."

वर्षाली तडक कपाटाकडे गेली आणि हार्डनिंगच्या कामाची फाइल काढून त्याच्यापुढे आपटली. पान तीन. 'जॉब भट्टीतून काढण्यापूर्वी रंग तपासणे. तपासणीचे साधन: डोळे.' खाली चाकणच्या कंपनीची मंजुरी, सही, तारीख.

"हे साधन तुमच्याच कंपनीनं मंजूर केलंय," ती म्हणाली. "तुमचे पाच हजार जॉब महिन्याला या साधनानं पास होतात. ते साधन कुठं ठेवलंय बघायचंय?"

धनेश तिच्यामागून भट्टीपर्यंत गेला. मारुतरावांनी ओला टॉवेल सावरत नमस्कार केला. त्यांचे डोळे लाल होते आणि पापण्यांवरून घाम गळत होता. धनेशने आपला तापमापक त्यांच्या कपाळाजवळ धरला, आकडा बघितला, आणि फाइलवरची सही पुन्हा एकदा वाचली. सही खरोखरच त्याच्याच साहेबांची होती.

"साधन नोंदवलेलं नाही," तो हळूच म्हणाला आणि लिहू लागला. "नोंद करून घ्या. सतत पस्तीसच्या वर तापमानात वापर चालणार नाही. एक्झॉस्ट सुरू ठेवा. छताला परावर्तक रंग. भट्टीचं काम उन्हाआधी संपेल अशी शिफ्ट लावा. आठ दिवसांत फोटोसह उत्तर पाठवा."

"म्हंजे मानसासाठी येवढं?" दौलतराव कळवळले.

"माणसासाठी नाही. साधनासाठी."

"मग करतो की," दौलतराव म्हणाले आणि त्यांनी रंगवाल्याला फोन लावला.

धनेश गेल्यावर एक्झॉस्ट फॅन सुरू झाला. वर्षाली मोजण्याच्या साधनांचं रजिस्टर घेऊन भट्टीपाशी आली. शेहेचाळीस नंबरवर एक जुना गेज होता. सत्तेचाळीसवर तिने लिहिलं: 'मारुतराव, डोळे, दोन.' मग पान मारुतरावांपुढे धरून म्हणाली, "काका, इथं सही करा. उद्यापासून सहाला यायचं, ऊन चढायच्या आत भट्टी बंद, दोनला घरी."

मारुतरावांनी हात पुसून सावकाश सही केली. मग सहीशेजारचे रकाने बोटाने वाचत गेले. एका रकान्यापाशी बोट थांबलं. "'बिघाड आढळल्यास वापर त्वरित थांबवावा. पूर्ण दुरुस्त होईपर्यंत पुन्हा वापरू नये.' हे मला बी लागू हाय?"

"हो."

मारुतरावांनी ते वाक्य परत वाचलं. "पर ताई, मंगळवारी चक्कर आली तवा तर मी तासाभरात परत भट्टीवर हुतो की."

"तेव्हा तुम्ही नुसते माणूस होता, काका," वर्षाली म्हणाली.